दिघेसाहेबांच्या कंपनीचा इतिहास

दर शनिवारी सकाळी दहाला दिघेसाहेब आपल्या ड्रमला फिरायला नेतात.

लोक कुत्र्याला नेतात तसं. फरक इतकाच की कुत्रा स्वतःच्या पायांनी चालतो आणि ड्रमला भाजीच्या ट्रॉलीत बसवावं लागतं. खाली उशी, अंगावर धुतलेला पंचा, पंच्यावर आडवी छत्री. आमच्या बुकित पंजांगला बिनड्रायव्हरची छोटी गाडी आहे, एलआरटी. तिच्यात चढले की साहेब ट्रॉली खिडकीशी लावतात आणि बसायला जागा असली तरी शेजारी उभे राहतात. ही गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाते, म्हणून लोकांच्या घरात कुणी डोकावू नये यासाठी तिच्या काचा मध्येच आपोआप धुरकट होतात. बाहेरचं सगळं विरघळतं. पुन्हा काच साफ होते तेव्हा वेगळंच झाड, वेगळीच गॅलरी समोर असते. काच धुरकट झाली की साहेब ड्रमवरचा पंचा सारखा करतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नातवाला घेऊन निघालेत. मी जरा वाकून बघितलं आणि मग नाकाला कळलं.

"आत कातडं आहे," मी म्हटलं. "प्लास्टिक नाही."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "तुम्हाला कसं कळलं?"

"वासावरून. आणि हवा लागून सैल पडलंय, तेही सांगतो."

त्यांनी मला नमस्कार केला. गाडीत उभ्या उभ्या, दोन्ही हात जोडून. सिंगापुरात येऊन मला आठ महिने झाले होते आणि तोवर मला कुणी असा नमस्कार केला नव्हता.

माझं सांगायचं तर मी कऱ्हाडचा. ढोलकी, तबला, हलगी, संबळ, ज्याला म्हणून कातडं लागतं ते सगळं पन्नास वर्षं माझ्या हाताखालून गेलं. शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकलो असतो तर एवढं काम झालं नसतं, म्हणून त्याचं मला वाईट वाटत नाही. मुलगा इथे कॉम्प्युटरच्या कामात आहे, तो घेऊन आला. फ्लॅट चांगला आहे. फक्त कातडं घरात आणायचं नाही असा नियम आहे, सूनबाईचा. मी आणलं नाही. पण कातडं शिवायची माझी आरी सामानात घालून आणलीच. विमानतळावर त्या मुलीने विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, हात आहे माझा. तिला मराठी कळत नव्हतं, तिने जाऊ दिलं.

तर दिघेसाहेब. एका जहाज कंपनीत हिशेबनीस होते, फार वर्षांपूर्वी आले आणि इथलेच झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आमच्या समोरच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर एकटे राहतात. एकटे म्हणजे ड्रम आहे. त्यांच्या झोपायच्या खोलीत एसी आहे आणि त्या खोलीत ड्रम झोपतो. साहेब बाहेरच्या खोलीत पंख्याखाली.

हा ड्रम म्हणजे लहान, मांडीएवढ्या उंचीवर ठेवून वाजवायचा. खालच्या अंगाला तारा ताणलेल्या असतात, त्यामुळे आवाज कुरकुरतो. आपल्या ताशाचा चुलतभाऊ म्हणा. अमेरिकेतल्या एका कंपनीचा. त्या कंपनीचं नाव मला आजवर धड उच्चारता आलेलं नाही आणि कुणाच्या घराण्याचं नाव चुकीचं लिहिणं मला पटत नाही, म्हणून लिहीत नाही. साहेब तिला नुसतं "आमची कंपनी" म्हणतात.

आणि या आमच्या कंपनीचा इतिहास ते कुणालाही सांगतात. लिफ्टमध्ये सांगतात. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत सांगतात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या त्या मोठ्या छपराखाली, बिनसाखरेची काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसले की शेजारचा चिनी असो, मलाय असो, तमिळ असो, इतिहास सुरू.

दोन भाऊ होते. थोरला वह्या लिहायचा, धाकटा नाटकाच्या थिएटरात ड्रम वाजवायचा. धाकट्याला बाजारातला एकही ड्रम पसंत नव्हता. शेजारी लॉन्ड्री होती. तिच्या बॉयलरची वाफ एका नळीतून मागच्या गल्लीत सोडलेली असायची. धाकट्याने त्या नळीपाशी लाकडाची पट्टी धरली. तास, दोन तास. पट्टी मऊ झाली, तिने मान टाकली आणि त्याने ती वाकवून गोल केली. "तो पहिला ड्रम," साहेब म्हणतात आणि थांबतात. "बाहेर बर्फ पडत होतं, वस्ताद. आणि गल्लीभर वाफ. कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं."

मला ते वस्ताद म्हणतात. मी नको म्हटलेलं नाही.

बर्फ मी पाहिलेलं नाही. कातडं कमवायच्या हौदात चुना टाकतात तेव्हा जो पांढरा धुरळा उठतो, तो मी आभाळभर करून बघतो. मग त्यात दोन भाऊ दिसतात. एक पट्टी धरून उभा, दुसरा वही घेऊन. दुपारी आडवा झालो की आजही दिसतात. कऱ्हाडच्या माझ्या दुकानात ती वाफ शिरते, खुंटीवरच्या ढोलक्या हळूहळू दिसेनाशा होतात आणि कुणीतरी लाकूड वाकवत असतं. जागा होतो तर समोर सूनबाईचा हवा कोरडी करायचा डबा चालू असतो.

इतिहास पुढे जातो. मागणी वाढली, लॉन्ड्रीच विकत घेतली. फौजेचे ड्रम केले. मग लढाई आली, लोखंड मिळेना, तर धाकट्याने खिळ्यापासून खटक्यापर्यंत सगळं लाकडाचं केलं. हे सांगताना साहेबांचा चेहरा असा होतो की ते खटके त्यांनी स्वतः तासले असावेत. मग दोघांमध्ये बिनसलं. कशावरून ते साहेब भरभर सांगतात, लक्षात राहत नाही. थोरल्याने धाकट्याला न विचारता काहीतरी केलं. धाकटा कचेरीत आला. त्याने खुंटीवरची टोपी उचलली, इथे साहेब हवेतली टोपी उचलतात, आणि दार उघडलं.

बस. इतिहास इथे संपतो. साहेब उरलेली कोपी पितात.

"पुढे?" मी पहिल्यांदा विचारलं.

"पुढचं पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी पुन्हा लॉन्ड्रीपासून. मी सहा वेळा ऐकलं. सहाही वेळा टोपी, दार, कोपी. कोपीवाला म्हातारा चिनी माणूस तर लांबूनच ओरडतो, "अंकल, टुडे गॉट एंडिंग ऑर नो एंडिंग?"

"टुमॉरो," साहेब म्हणतात.

"एव्हरी डे टुमॉरो, लाह."

एक दिवस मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, पंचा काढा, मला बघू द्या. त्यांना ते आवडलं नाही. बाईमाणसाचा पदर काढा म्हटल्यासारखं त्यांचं तोंड झालं. पण काढला.

कातडं जुनं. अमेरिकेत वासराचं वापरत, ते पातळ आणि चिवट असतं. पिकल्या लिंबासारखा रंग आला होता. मी तळवा फिरवला. कडेला बोटभर चीर धरू लागली होती.

"साहेब, हे मरायला लागलंय."

"का? मी एसी बंद करत नाही. एक दिवसही नाही."

"तेच तर. सहा दिवस कोरड्यात ठेवता, सातव्या दिवशी दमट हवेत हिंडवता. आवळतं, सुटतं, आवळतं, सुटतं. माणूससुद्धा फाटेल. एक तर फिरवणं बंद करा नाहीतर नवं कातडं घाला. मी घालून देतो. घरी सूनबाई आहे, इथे करतो."

"कातडं बदलायचं नाही."

"मग फेऱ्या बंद."

"फेऱ्याही बंद होणार नाहीत."

"मग दोन महिने. फार तर अडीच."

मी कुणाला खोटी मुदत देत नाही. ते खुर्चीत बसले आणि खिशातली दोन्ही पेनं काढून पुन्हा लावली.

मी आपला बघत राहिलो. बघितल्याशिवाय माझे डोळे राहत नाहीत. "हा वाजवला कुणी?"

"कुणी नाही. माझ्याकडे आल्यापासून काठी लागलेली नाही."

"आणि त्याआधी? इथे घासलंय. तारा कसायचा हा खटका, वाजवणाऱ्याच्या डाव्या अंगाला येतो ना? तसा ठेवून बघा. झीज उलट्या बाजूला पडते. हा वाजवणारा डावखुरा होता. तुम्ही कोपी उजव्या हाताने पिता."

साहेब पंच्याची घडी घालायला लागले.

"आणि हे काय?" कडेजवळ पाच ठिपके होते. तांबूस, फिकट, एका ओळीत.

"तो कंपनीचा शिक्का," ते लगेच म्हणाले. "ड्रम पास झाला की तपासनीस पाच बोटं उमटवायचा. पद्धत होती तशी."

"अमेरिकेतला तपासनीस आधी हळद लावायचा आणि मग कुंकू?"

पंखा फिरत होता. त्या खोलीतून एसीचा गारवा पायांवर येत होता. खाली कुठेतरी पोरं पोहायच्या तलावात उड्या टाकत होती आणि तो आवाज अकराव्या मजल्यावर येईपर्यंत नुसती कुजबुज व्हायची.

"आईने लावलंय," साहेब म्हणाले. "खंडेनवमीला. वडिलांची पेनं आणि सुहासचा ड्रम, एका पाटावर. सुहास माझा धाकटा भाऊ."

मग मला जे कळलं ते असं. दादरला दोन खोल्यांत राहायचे. सुहासने हा ड्रम बोटीवरच्या एका वादकाकडून मिळवला होता आणि हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायचा. बँकेत नेमणूक आली तर म्हणाला, बँड सोडणार नाही. थोरल्याला सिंगापूरची नोकरी लागलेली, निघायचा दिवस. सुहास अंघोळीला गेला तेवढ्यात दिघेसाहेबांनी ड्रम स्वतःच्या ट्रंकेत घातला आणि वर कपडे रचले.

"म्हटलं, वर्षभर बँकेत रुळला की परत पाठवीन."

"मग पाठवला का नाही?"

"तो रुळला. पण त्याचं पत्र आलं नाही. मग वाटलं, आता ड्रम पाठवला तर मी चुकलो असं होईल." थोडं थांबून म्हणाले, "मग फार वर्षं झाली, वस्ताद. फार वर्षं झाल्यावर माणूस कुठल्या तोंडाने पार्सल बांधतो? आईच्या तेराव्याला भेटलो. त्याने मला पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातून दिलं."

कातडं कसं जपायचं हे विचारायला त्यांनी त्या कंपनीला पत्र लिहिलं होतं. कंपनीला वाटलं, मोठं गिऱ्हाईक आहे. तिने आपल्या इतिहासाचं पुस्तक पाठवलं. साहेबांनी ते कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवलं. इंग्रजी, चित्रं होती. शेवटची काही पानं उघडेनात. पूर्वी हिशेबनीस पावत्यांच्या गठ्ठ्याला दाभणाने दोरा घालायचे तसा दोरा घालून ती पानं शिवलेली. टाका उत्तम होता. मी दुसऱ्याच्या टाक्याला सहसा चांगलं म्हणत नाही.

"हे कुणी शिवलं?"

"मी. टोपीच्या पुढचं आहे ते."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही. परत आला नाही असं लिहिलेलं असलं तर?"

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. मग मी विचारलं की शनिवारी जाता कुठे. म्हणाले, यिशुनला. सुहासच्या मुलीला इथे नोकरी लागली आणि दोन वर्षांपासून तो तिच्याकडे राहतो. गणपतीच्या आरतीला कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. तेव्हापासून साहेब दर शनिवारी ड्रम घेऊन त्याच्या इमारतीखाली जातात, तास दीड तास बसतात आणि ड्रम घेऊन परत येतात. दोन वर्षं. मी मनात हिशेब केला आणि मला त्या चिरीचं नवल वाटेनासं झालं.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर निघालो. आरी खिशात घातली, सवयीने. एलआरटीच्या काचा धुरकट झाल्या, साफ झाल्या. चुआ चू कांगला मोठी गाडी धरली. वाटेत एका बाजूला दाट हिरवं रान लागतं, उन्हात झोपलेलं. डब्यात सगळे फोनकडे बघत होते, ड्रमकडे कुणी नाही. साहेब मला म्हणाले, "वाफेची नळी तांब्याची होती, हे मी तुम्हाला सांगितलं का?" सहा वेळा सांगितलं होतं. मी म्हटलं, नाही, सांगा.

सुहासरावांच्या इमारतीखाली, सगळीकडे असते तशी, मोकळी जागा आहे. व्हॉइड डेक म्हणतात. सिमेंटचं गोल टेबल, भोवती बसायला ठोकळे. साहेब एका ठोकळ्यावर बसले. तो त्यांचाच असावा, हात न लावता त्यांना त्याची उंची माहीत होती.

अर्धा तास गेला.

"चला," मी म्हटलं.

"आज नको. वारा आहे."

"वारा चांगला. दमट कमी."

"तो झोपला असेल."

"सकाळी साडेअकराला?"

ते ट्रॉलीचा दांडा धरून बसले. मी म्हटलं, "हे बघा साहेब. भावाचं तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही. मला कातड्याचं कळतं. ते आज वर जाणार. तुम्ही या, नाहीतर येऊ नका."

आणि मी ट्रॉली ओढली. त्यांनी दांडा सोडायला जरा वेळ लावला, पण सोडला.

"सहावा मजला," ते मागून म्हणाले. "लिफ्टमधून डावीकडे. दाराशी तुळस आहे."

"गेला होतात का कधी?"

"खालून दिसते."

तुळस होती. बेल वाजवली. जाळीच्या दारामागे साहेबांचंच तोंड आलं, फक्त बुटकं आणि टकलाचं. मी त्यांच्या दोन्ही मनगटांकडे बघितलं. घड्याळ उजव्या मनगटावर होतं.

"कोण पाहिजे?"

मी पंचा काढला.

सुहासराव ड्रमकडे बघत राहिले. मग जाळी उघडून पॅसेजमध्ये आले आणि उकिडवे बसले. म्हाताऱ्या माणसाला ते सोपं नसतं. पाच ठिपक्यांवर त्यांनी बोट फिरवलं, हात न टेकवता.

"कातडं बदललं नाही त्याने?"

"मी बदला म्हटलं. ऐकत नाहीत."

"नाहीच ऐकणार. थोरला ना." मग माझ्याकडे वर बघितलं. "तुम्ही कोण?"

"कातडं चढवणारा. जोरात मारू नका, चीर धरलीय. काठी नको, बोटं चालतील."

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं टेकवली. एक टपका. खालच्या तारा कुरकुरल्या, अगदी हळू, झोपेत कुणी नाव घ्यावं तशा. दुसरा टपका त्यांनी दिला नाही.

"कुठे आहे तो?"

मी कठड्यापाशी गेलो. ते आले. सहा मजले खाली, इमारतीच्या सावलीबाहेर दिघेसाहेब उभे होते. मघाशी ठोकळ्यावर होते, आता वरचं दिसावं म्हणून बाहेर आलेले असणार. पण त्यांना वर बघवत नव्हतं. भाजीची पिशवी घेतलेली एक चिनी आजी तिथून चालली होती आणि साहेबांनी तिला धरलं होतं. आवाज येत नव्हता, हात दिसत होते. हाताने त्यांनी वाफ काढली. पट्टी वाकवून गोल केली. आजी मान हलवत होती.

"हे काय करतोय?" सुहासराव म्हणाले.

"ड्रमच्या कंपनीचा इतिहास. दोन भाऊ होते. मला हातांवरून कळतं कुठवर आलेत. आता लढाई. आता बिनसलं."

खाली साहेबांनी हवेतल्या खुंटीवरची टोपी उचलली.

"आणि हे?"

"थोरल्याने न विचारता काहीतरी केलं. धाकटा टोपी उचलून निघालाय."

"मग?"

"मग काही नाही. इतिहास इथे थांबतो. पुढची पानं त्यांनी शिवून टाकलीत. इतकी वर्षं वाचलेली नाहीत."

सुहासराव आत गेले. मला वाटलं, दार लावतात. मी ट्रॉली सारखी करायला लागलो. तर ते चपला घालून बाहेर आले. उन्हात जायचं म्हणून डोक्यावर कापडी टोपी घातली होती, इथे म्हातारे घालतात तसली.

"ड्रम?" मी म्हटलं.

"राहू दे इथे. तुमचं लक्ष आहे ना?"

लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. मी कठड्याशी उभा राहिलो. खाली आजी निघून गेली होती, पण साहेबांचा हात अजून हवेतच होता, टोपी धरलेला. मग इमारतीच्या सावलीतून ती दुसरी टोपी बाहेर आली, सावकाश, आणि त्यांच्यासमोर येऊन थांबली.

काय बोलले ते सहाव्या मजल्यावर ऐकू आलं नाही. मग दोघे ठोकळ्यांकडे वळले आणि सावलीत गेले, तेव्हा मला दिसेनासे झाले.

मी तुळशीशेजारी बसलो. कातड्यावर तळवा ठेवला. ऊन येत होतं आणि ते जरा ताणलं गेलं होतं. ट्रॉलीत उशीखाली ते पुस्तक होतं. साहेब ते बरोबर आणतात हे मला त्या दिवशी कळलं. आरी माझ्या खिशात होती. तो टाका उसवायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

पण ते माझं काम नव्हतं. मी पुस्तक पुन्हा उशीखाली ठेवलं.